उभ्या गाडीची दुखणी

मुंबईच्या ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी एका प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून नोंद झाली. पद्मिनी जातीची ती शेवटची टॅक्सी. शहरात टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी तिच्यावर रकाने भरले, सिनेमातले प्रसंग आठवले, हळहळ झाली. टॅक्सी गेली, पण गाडी अजून आहे. पार्ल्याच्या जुन्या सोसायटीत जिन्यामागे, पुण्यात वाड्याच्या बोळात, सांगली-कोल्हापूरकडे शेतावरच्या शेडमध्ये खाजगी पद्मिनी ताडपत्रीखाली उभ्या आहेत. आजोबांनी नंबर लावून घेतलेली, बाबांनी सगळं घर कोंबून महाबळेश्वरला नेलेली, मग दारात मारुती आली तशी मागे सरकवलेली.

अशी गाडी विकणारा हटकून सांगतो, "फार चाललेली नाही, नुसती उभी होती." घेणाऱ्याला हा गुण वाटतो. जुन्या गाड्यांवर हात बसलेला मिस्त्री मात्र हे ऐकून सावध होतो. चालून झिजलेल्या गाडीची झीज ओळखीच्या जागी असते: रिंगा, बेअरिंग, क्लच प्लेट, किंगपिन. तिथे मापं घेता येतात. उभ्या गाडीचं दुखणं सगळ्या अंगात एकदम पसरतं आणि वरून दिसत नाही. ते निस्तरण्याला एक क्रम आहे, आणि हौशी मंडळी तो नेमका उलटा धरतात. आधी सेल्फ मारून इंजिन सुरू होतंय का बघतात, मग रंगाचा डबा आणतात, आणि ब्रेकची आठवण पहिल्या उतारावर होते.

हा क्रम समजून घ्यायला पद्मिनीसारखी सोयीची गाडी नाही, कारण ती मुळातच साधी आहे. तिचं घराणं इटलीतलं. फियाटने १९३७ साली '५०८ सी' ही गाडी काढली. तिच्या इंजिनाचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर आणि चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी. दान्ते जाकोसा हा अभियंता त्या कामात होता, आणि १९५३ साली आलेली '११००-१०३' ही त्याचीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने पुढे ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात आणली. पुढचे दरवाजे उलटे उघडणारी 'डुक्कर फियाट', १९६४ ची '११०० डिलाइट', १९७२ ची 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासूनची पद्मिनी ही सगळी एकाच रक्ताची. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं तेव्हाही पेट्रोल पद्मिनीच्या इंजिनाचं माप ६८ बाय ७५ हेच होतं.

परवाना-राज्यात कंपनीला मॉडेल बदलायची घाई नव्हती, आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत उभं होतं. लोकांनी त्या काळी या आळसाला शिव्या घातल्या. आज जुनी फियाट रस्त्यावर आणणाऱ्याला त्याच आळसाचा फायदा मिळतो. साठच्या दशकातल्या डिलाइटला नव्वदच्या दशकातल्या पद्मिनीचे कितीतरी सुटे भाग बसतात. एकही कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. पेट्रोल, हवा, ठिणगी आणि पाणी या चार गोष्टी डोळ्यांनी दिसतात आणि हातांनी दुरुस्त होतात.

उभ्या गाडीत पहिलं बिघडतं ते टाकीच्या तळाशी उरलंसुरलं पेट्रोल. पेट्रोल हे एकच द्रव्य नाही, ते अनेक हायड्रोकार्बनचं मिश्रण असतं. त्यातले हलके घटक काही महिन्यांत उडून जातात. उरलेल्यांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते, काकवीसारखी. कार्ब्युरेटरच्या जेटची भोकं जेमतेम मिलिमीटरभराची. ही राळ ती बुजवून टाकते. पूर्वीच्या पेट्रोलचं दुखणं एवढंच होतं. आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे.

भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठलं गेलं. उसाच्या मळीपासून इथेनॉल करणाऱ्या महाराष्ट्रातल्या कारखान्यांना ही बातमी गोड लागली. १९७८ च्या कार्ब्युरेटरला ती तशी लागत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. प्रमाणाबाहेर पाणी मुरलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. तळाचा पत्रा आतून गंजतो तो इथे. शिवाय जुने रबरी पाईप, पेट्रोल पंपाचा पडदा आणि बुचाच्या लाकडाची गॅसकेट इथेनॉलला टिकत नाहीत. रबर फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. कार्ब्युरेटरचं जस्तमिश्रित अंग पांढऱ्या भुकटीने भरतं. म्हणून टाकी उतरवून आतून धुणं, पंपाला नव्या रबराचा पडदा घालणं आणि सगळे पाईप इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घेणं ही कामं इंजिन सुरू करण्याच्या आधीची आहेत. पाईप स्वस्त असतात. त्यातून गळलेलं पेट्रोल गरम सायलेन्सरच्या पाईपवर पडलं तर होणारं नुकसान स्वस्त नसतं. कामाच्या जागी आग विझवण्याचा सिलिंडर ठेवायला सांगणारा मिस्त्री भित्रा नसतो, त्याने काहीतरी बघितलेलं असतं.

आता नेमाने पाळल्या जाणाऱ्या एका प्रथेबद्दल. कित्येक घरांत उभी गाडी "जिवंत राहावी" म्हणून दर रविवारी दहा मिनिटं जागेवर चालू करून ठेवतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात सायलेन्सर इतका तापतो की हे पाणी वाफ होऊन निघून जातं. दहा मिनिटांत तो तापत नाही. पाणी आतच साचतं आणि सायलेन्सर आतून बाहेर सडत येतो. थोडी वाफ पिस्टनच्या कडेने उतरून ऑईलमध्ये मिसळते. ऑईलच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसली तर ती याचीच खूण. गाडी चालवायची तर तासभर चालवावी, नाहीतर बॅटरी काढून टाकी रिकामी करून शांत ठेवावी. मधली वाट दोन्हीपेक्षा वाईट.

कोकणपट्टीत हवेतला दमटपणा आणि खार यांनी गंज लवकर चढतो, देशावर उंदीर जास्त त्रास देतात. वायरिंगचं आवरण कुरतडणं हा त्यांचा आवडता उद्योग. एअर फिल्टरच्या डब्यात कापूस आणि कागद कोंबून केलेलं घरटं सापडणं ही गॅरेजमधली नेहमीची गोष्ट आहे. ते न बघता इंजिन सुरू केलं तर सगळा कचरा कार्ब्युरेटरमधून आत ओढला जातो.

इंजिनाकडे वळल्यावरही किल्ली फिरवायची वेळ लगेच येत नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी थांबलेल्या पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असू शकतात. जोरात सेल्फ मारला तर रिंग तुटते आणि भिंतीवर ओरखडा उठतो. मग बोअर करण्यावाचून गत्यंतर नाही. रीत अशी की चारही प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडावं आणि ते एक-दोन दिवस मुरू द्यावं. त्यानंतर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हलकेच पुढे-मागे ढकलावी. इंजिन फिरलं तर नशीब. नाही फिरलं तर पुन्हा तेल, पुन्हा वाट. इथे ज्याला दम धरवत नाही त्याचा खर्च वाढतो. 

इंजिन हाताने मोकळं फिरू लागलं की जुनं ऑईल काढून नवं भरायचं आणि प्लग न लावताच सेल्फ मारत राहायचं. प्लग नसल्यामुळे दाब नसतो, बेअरिंगवर भार येत नाही, आणि ऑईलचा पंप कोरड्या पडलेल्या वाटा भरून काढतो. ऑईलचा लाल दिवा विझला की मग प्लग, मग ठिणगी. पहिल्यांदा सुरू करताना जाणते लोक गाडीच्या टाकीवर विसंबत नाहीत. वेगळ्या छोट्या डब्यातून स्वच्छ पेट्रोल थेट पंपाला देतात.

शिसं काढून टाकलेल्या पेट्रोलबद्दल जुन्या गाडीवाल्यांच्या मनात एक भीती आहे. देशभर १ फेब्रुवारी २००० पासून बिनशिशाचंच पेट्रोल मिळतं. पूर्वी शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि त्याच्या बैठकीमध्ये गादीचं काम करी. तो गेल्यावर ओतीव लोखंडाच्या हेडमध्ये थेट कापलेल्या बैठका झिजू लागतात आणि व्हॉल्व्ह हळूहळू आत रुतत जातो. फियाट ११०० घराण्याचं नशीब इथे बरं निघालं. तिचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा असला तरी हेड ॲल्युमिनियमचं आहे. मऊ ॲल्युमिनियमवर व्हॉल्व्ह आपटू देता येत नाही, म्हणून बैठका पहिल्यापासून वेगळ्या कठीण धातूच्या ठोकून बसवलेल्या आहेत.

पण याच ॲल्युमिनियमने दुसरीकडे अडचण करून ठेवली आहे. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात बुडवले की त्यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. कूलंट न घालता नळाचं किंवा विहिरीचं जड पाणी रेडिएटरमध्ये भरायची आपल्याकडची जुनी सवय. अशा पाण्यावर वीस वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं हेड उतरवलं की पाण्याच्या वाटांच्या कडा झिजलेल्या दिसतात, आणि गॅसकेट तिथे नीट बसत नाही. खड्डे वेल्डिंगने भरून हेडला फेसिंग मारावं लागतं. रेडिएटरची वरची-खालची टाकी उघडून नळ्यांमधून सळई घालून क्षार काढणारे कारागीर जुन्या शहरांत अजून आहेत. त्यांच्याकडे रेडिएटर न पाठवता पावडर टाकून धुण्याचा प्रयोग बहुतेकदा फसतो. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून वाफ जिरायची वाट बघणाऱ्या फियाटी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचं वेगळं कारण सांगायला नको.

एवढं झालं तरी गाडी अजून जागची हललेली नाही, आणि हलूही नये. आधी ब्रेक.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑईल प्रत्येक चाकाच्या छोट्या सिलिंडरपर्यंत दाब पोचवतं आणि ब्रेक शू ड्रमला घासतात. हे ऑईलही हवेतलं पाणी पितं. उभ्या गाडीत ते पाणी सिलिंडरच्या तळाशी बसतं, तिथे गंजाचे खड्डे पडतात आणि रबरी वॉशर त्या खड्ड्यांवरून सरकताना फाटतात. नुसतं ऑईल बदलून भागत नाही याचं कारण हे. दुसरं कारण आकड्यात आहे. नव्या डॉट-३ ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो; पाणी शोषलेल्याचा किमान १४०. घाट उतरताना ड्रम तापले की पाणी मुरलेलं ऑईल उकळतं, नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, पण दाब पुढे पोचवत नाही. पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. फियाट ११०० मध्ये चारही चाकांचं ऑईल एकाच मार्गाने जातं, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून चारही चाकांचे सिलिंडर, मास्टर सिलिंडर, तिन्ही रबरी होज आणि गंजलेल्या लोखंडी नळ्या हे सगळं एका दमात बदलावं, मग एअर काढावी आणि हँडब्रेकची केबल मोकळी करावी. यात दिसण्यासारखं काही नसतं. मित्रांना दाखवायला फोटोसुद्धा येत नाही. बहुधा म्हणूनच हे काम मागे पडतं.

टायरचंही तसंच. पद्मिनीचं जुनं माप ५.२०-१४. नक्षी नवीकोरी दिसते म्हणून जुने टायर ठेवून घेण्याचा मोह होतो, कारण गाडी चाललेलीच नसते. पण रबर नुसतं पडून राहूनही कडक होतं. २००० नंतरच्या टायरच्या भिंतीवर चार आकडे छापलेले असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १४०९ लिहिलं असेल तर तो टायर २००९ च्या चौदाव्या आठवड्यातला. दहा वर्षांवरचा टायर नक्षीसकट टाकून द्यावा, आणि तारीखच नसलेला टायर किती जुना हे वेगळं सांगायला नको.

वायरिंगबद्दल लोक उगाच घाबरतात. या गाडीत मोजके दिवे, हॉर्न, वायपर आणि थोडेसे फ्यूज आहेत. निम्म्याहून जास्त तक्रारी अर्थच्या असतात, म्हणजे बॉडीला जोडलेली तार जिथे स्क्रूखाली बसते तिथे गंज चढलेला असतो. तो खरवडून घट्ट केला की "मेलेले" दिवे लागतात. डिस्ट्रिब्युटरच्या पॉईंटवर चढलेली काजळी घासून काढायची आणि फट नीट लावायची. कुरतडलेली तार मात्र टेप गुंडाळून ठेवू नये. एकाच जागी कुरतडून थांबणारा उंदीर अजून जन्माला आलेला नाही.

सुटे भाग कुठे मिळतात हा प्रश्न नवख्यांना सर्वांत अवघड वाटतो. मुंबईत कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेत अजून जुन्या फियाटचं सामान निघतं. दुकानदाराला भागाचं नाव सांगण्यापेक्षा जुना भाग हातात नेऊन दाखवणं शहाणपणाचं, कारण डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी यांच्यात दिसायला सारखे पण दातांत किंवा आट्यांत वेगळे असे भाग आहेत. टॅक्सी भंगारात गेल्या तेव्हा त्यांचे गिअरबॉक्स, एक्सल, दरवाजे बाजारात आले. तो साठा परत भरणारा नाही. यंत्राचे भाग लेथवर करून घेता येतात. अडतं ते काचेवरचं रबर, दिव्यांच्या काचा, क्रोमच्या पट्ट्या, डॅशबोर्डवरचं मीटर यांपाशी. म्हणून गाडी खोलताना असा एकही तुकडा फेकू नये, कितीही मोडका असला तरी. नमुना म्हणून तो लागतो.

पत्र्याचं काम सर्वांत शेवटी. त्यात फसवणुकीला वाव सर्वांत जास्त. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. दाराखालची पट्टी आणि मागचे पाटे जिथे बसतात ती जागा सडलेली असेल तर गाडीचा कणाच मोडलेला असतो. सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणं हे खरं काम. त्याऐवजी भोकावर जाळी ठेवून वरून लांबी म्हणजे पुट्टी भरायची, घासायची आणि चकचकीत रंग मारायचा ही पळवाट. दोन पावसाळ्यांत फुगे येतात. तपासायला पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पुरतं. खाली लांबी असेल तिथे ते धरत नाही. जुनी गाडी विकत घेताना ताजा रंग बघून खूश होण्यापेक्षा थोडं साशंक झालेलं बरं.

पण सगळंच नवं करायचं का? जगभर यावर बराच वाद झाला आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हाने, २०१३ पासून 'तुरीन सनद' लागू केली. गाडी आहे त्या अवस्थेत जपणं, तिची झीज थांबवणं, हरवलेलं पुन्हा बसवून मूळ रूप आणणं आणि मोडक्यातून नव्यानेच बांधणं या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, असं ती सनद मांडते, आणि शक्य तितकं कमी बदला, बदललेलं लपवू नका, असा तिचा कल आहे.

बाजारानेही तिकडेच कौल दिला आहे. फ्रान्सच्या पश्चिम भागात २०१४ साली बायों कुटुंबाच्या आवारात साठ गाड्या सापडल्या, पत्र्याच्या पडव्यांखाली दशकानुदशकं विसरलेल्या. त्यातल्या एका फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडरवर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचून ठेवले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ती न पुसताच मांडली आणि १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. त्याहून टोकाचं उदाहरण स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या माज्जोरे सरोवरातलं. १९२५ ची एक बुगाटी तिथे दशकानुदशकं तळाशी पडून होती. २००९ साली ती वर काढली, एका बाजूचा पत्रा जवळजवळ उरलेला नव्हता. २०१० च्या लिलावात तिला २ लाख ६० हजार युरोंच्या वर किंमत आली, आणि घेणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या संग्रहालयाने ती तशीच, सडलेली, प्रदर्शनात ठेवली.

हा युक्तिवाद पद्मिनीला जसाच्या तसा लावता येत नाही. ती दुर्मीळ फेरारी नाही, आणि तिला काचेआड ठेवून कुणी तिकीट काढणार नाही. तिचं मोल चालण्यात आहे. तरी त्या सनदेतला एक भाग तिलाही उपयोगी पडतो. मूळ रंग फिका पडला असला पण पत्रा शाबूत असेल, तर पॉलिश करून ठेवावा. सीटची रेक्झिन टाक्यांवर उसवली असेल तर शिवून घ्यावी, सगळी गादी बदलून लाल-काळी स्पोर्ट सीट बसवण्याची गरज नाही. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा अडखळतो म्हणून तो काढून मजल्यातून गिअर आणणारे आहेत. खरं तर त्या दांड्याचे लहानसे बुश झिजलेले असतात. ते बदलले की गिअर पूर्वीसारखे पडतात. रुंद अलॉय चाकं घालून स्टिअरिंग जड करून घ्यायचं आणि मग पॉवर स्टिअरिंगची विचारणा करायची, हा प्रकार तर चमत्कारिकच. सीटबेल्ट आणि जास्त उजेडाचे दिवे यांच्या आड मात्र कुणी शुद्धतेचा आग्रह आणू नये.

शेवटी कागदपत्रं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी आरटीओत नेऊन पासिंग करून घ्यायचं आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं. महाराष्ट्रात पंधरा वर्षांपुढच्या गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. वीस वर्षं उभ्या गाडीचा हा सगळा हिशेब थकलेला असतो, शिवाय आरसी बुक वारलेल्या आजोबांच्या नावावर असतं. वारसाच्या नावावर गाडी करून घेणं हे ब्रेक दुरुस्त करण्याइतकंच आधी करायचं काम आहे, कारण त्याशिवाय विमाही नीट निघत नाही. पीयूसी मात्र वाटते तितकी अवघड नाही. 'भारत स्टेज-२' पूर्वीच्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. कार्ब्युरेटर आणि पॉईंट नीट लावलेली पद्मिनी त्यात बसू शकते.

पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम काढले. अशा 'विंटेज' गाडीच्या नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क आणि १० वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. ज्यांचा जुना नंबर चालू आहे त्यांना तो ठेवता येतो. बदल्यात अट अशी की गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. 'एमएमए' किंवा 'बीएमआर' असल्या जुन्या मालिकेचा नंबर अंगावर मिरवणाऱ्या डिलाइटवाल्याला हा सौदा पटण्यासारखा आहे. ज्याला दर महिन्याला अलिबागला जायचं आहे, त्याने साधी नोंदणीच चालू ठेवलेली बरी.

पद्मिनी नाव धारण केलेल्या पहिल्या गाड्या १९७४ च्या, म्हणजे त्या नुकत्याच पन्नाशी ओलांडू लागल्या आहेत. शेवटच्यांना हा मान २०५० नंतर मिळेल. नियमात मूळ रूप टिकलेलं असणं आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसणं या अटी आहेत. आज पाच-दहा हॉर्सपॉवर जास्त मिळावी म्हणून दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून घेणाऱ्याने निदान जुनं १०८९ सीसीचं इंजिन भंगारात देऊ नये. तेल भरून, प्लगची भोकं बंद करून, कोरड्या कोपऱ्यात ठेवून द्यावं. त्यावरचा नंबर आरसी बुकात लिहिलेला असतो.